पाच टक्के

पहाटे साडेपाचला बॉयलर पेटवते.
टाकीत टी-ट्रीचा पाला, वर झाकण, खालून वाफ,
आणि तासाभरानं नळीतून
पाण्यावर तरंगत येतं तेल,
रंग जवळजवळ नाहीच त्याला.
वास मात्र असा की लिझमोरच्या बँकेत
रांगेतला पुढचा माणूस वळून विचारतो,
"बंगवॉलबिनकडच्या का तुम्ही?"

टनभर पाल्याला दहा किलो तेल.
टोबिनला हा हिशेब पाठ.
नवव्या वर्षापासून तो बाटल्यांवर लेबलं चिकटवतो.
चिकटवतो. वाचत नाही.

पंधरावं लागलं आणि
आमच्या रस्त्यावर होता तेवढाच मुरूम
त्याच्या हनुवटीवर आला.
खरं तर सहा-सात पुटकुळ्या, मी मोजल्या,
मोजताना त्यानं पाहिलं, तिथंच चुकलं.

गुरुवारी शाळेत फोटो होता.
बुधवारी रात्री कधीतरी तो शेडमध्ये गेला,
पिंपाची तोटी सोडली,
कापूस भिजवला.
निर्मळ, शंभर टक्के,
चार वेळा.

सकाळी हनुवटी भाजल्यासारखी लाल,
कडेनं पापुद्रे.
दाराला आतून खुर्ची लावलेली.
मी थाप मारली. परत मारली.
तिसरी थाप मारायला नको होती.

मग ग्लेनिस आली, फांद्या कापायला येते ती,
बुंजलुंग, हा ओढा तिच्या आजीच्याही आजीचा.
दाराबाहेर फरशीवर बसली
आणि दाराशीच बोलू लागली:
"आमच्या मावश्या एका डोहात बुडवायच्या आम्हाला.
काठावर हीच झाडं.
पानं पडायची, पडून राहायची,
पाणी चहासारखं.
अंगावर काही उठलं की जा, बस त्यात.
केवढा डोह, नि पानं केवढी!
कुणी पिळून काढलं नाही रे कधी."

बराच वेळ काहीच नाही.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

थंड पाणी, ओला पंचा, आठवडाभर दुसरं काही नाही.
त्यानंतर काट्यावर मोजून
पंच्याण्णव भाग साधं जेल, पाच भाग तेल,
आधी मनगटावर थेंब, एक रात्र वाट.
"किती दिवसांत जातील?"
महिने म्हण. दोन. तीन.
"आणि नाही गेल्या तर?"
तर डॉक्टर, म्हटलं.
तेल विकणारी बाई मी,
पण तुला विकत नाहीये.

फोटोत त्यानं मान खाली घातली आहे.
मागच्या रांगेतल्या तिघांनीही.

आज शेडमध्ये लेबलं लावताना
अचानक मोठ्यानं वाचू लागला,
नुकत्याच फुटलेल्या, वर-खाली होणाऱ्या आवाजात:
"डोळ्यांपासून दूर ठेवा.
पोटात घेऊ नये.
सौम्य करूनच..."
तिथं आवाज चिरकला.
ग्लेनिस हसली, तोही.
मी वाफेकडे पाहत राहिले,
काही बोलले नाही.
जमतंय आता थोडं थोडं.