कौल

मरोळच्या तिसऱ्या मजल्यावर रात्रीचे साडेदहा होतात
तेव्हा स्कॉटलंडमध्ये संध्याकाळचे सहा वाजतात.
लोक जेवायला बसलेले असतात. तेव्हाच फोन करायचा.
जेवताना माणूस खोटं बोलत नाही, असं आमचा लोबो म्हणतो.
जेवताना माणूस फोन आपटतो,
हा माझा अनुभव.

पडद्यावर प्रश्न येतो. मी वाचते, जसाच्या तसा:
उद्याच मतदान असतं, तर आपण कुणाला मत दिलं असतं?
उद्या मतदान नाही. त्यांना ठाऊक, मला ठाऊक.
तरी प्रत्येक जण क्षणभर थांबतो,
घसा खाकरतो,
उद्याच असल्यासारखा.

डंडीचा एक जण पक्षाचं नाव न घेता
दारासमोरच्या खड्ड्याबद्दल अकरा मिनिटं बोलला.
खड्ड्याला कोड नाही.
मी 'इतर' दाबलं.

तिकडे एकेकाला दोन मतं. एक उमेदवाराला, एक यादीला.
आईला सांगितलं तर म्हणाली,
मला एकाच गोष्टीबद्दल चार-चार मतं असतात,
विचारतंय कोण?

पहाटे सगळी उत्तरं वरच्या मजल्यावर जातात.
तिथे त्यांना वजन लावतात.
तरुण पोरं फोन उचलत नाहीत,
म्हणून जो उचलतो तो अडीच माणसांएवढा होतो.
पेन्शनवाल्या म्हाताऱ्या पुष्कळ भेटतात,
त्या भरतात पाऊण पाऊण.
मी कितीची भरेन, हे एकदा विचारणार होते वरती.
आमची चाळ पाडली, कौलं दोन ट्रकांतून गेली,
मतदार यादीत मी अजून खोली नंबर सातमध्येच राहते,
वैजयंती गुरव, वय चौतीस,
जिथे आता लिफ्टचा खड्डा आहे.

गुरव आम्ही. आजोबा राजापूरकडच्या एका देवळात
देवाला कौल लावायचे.
ओल्या कळ्या पाषाणाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं.
उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही.
विहीर खणू का, पोरगी देऊ का, मुंबईला जाऊ का.
कधी कधी काहीच पडायचं नाही.
दुपार कलायची, माणसं तशीच बसून,
बिडीसुद्धा कुणी पेटवायचं नाही.
आजोबा म्हणायचे, थांबा, देव विचार करतोय.

आमच्याकडे त्याला अठ्ठ्याण्णव म्हणतात.
'सांगता येत नाही.'

काल ओबान गावची एक बाई लागली. मॉराग. वय त्र्याऐंशी.
म्हणाली, चाळीस वर्षं आम्ही दोघं जोडीनं जायचो मत द्यायला.
तो त्याच्या लोकांना द्यायचा, मी माझ्या.
एकमेकांचं खोडून यायचो
आणि येताना पाव घ्यायचो.
आता माझं खोडणारं कुणी नाही बघ.
एकटं मत फार जड होतं गं,
कुठे ठेवावं ते कळत नाही.

मग ती गप्प झाली.
नियम असा की दहा सेकंदांनी प्रश्न पुन्हा वाचायचा.
शेजारची रेश्मा इशारे करत होती, लोबो काचेतून बघत होता,
अठ्ठ्याण्णवचं बटण माझ्या बोटाखालीच होतं.
तिच्याकडे कुठेतरी किटली वाजायला लागली.
ती उठली नाही. मी वाचलं नाही.

पुढच्या आठवड्यात पेपरात आकडे येतील.
खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असेल,
अधिक-उणे तीन टक्के.
मला ठाऊक असेल त्या तिनात कोण बसलंय.

पण तेव्हा, काल, अकरा वाजून चार मिनिटांनी,
मी हेडफोन कानाशी घट्ट धरून
काळ्या पडद्याकडे बघत होते,
उजव्या बाजूला
काही हलतंय का.