पाच पौंड

माझगावच्या खोलीत, कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला
प्रभावती कोयंडेनं पेन्सिलीनं भाव मांडलेत.
१३.३३, तो बॅलार्ड पिअरवरून निघाला तेव्हाचा.
मग एका जूनमध्ये एकदम २१.
कॉव्हेंट्रीहून एकच ओळ आली:
आता माझ्या पाचाचे तुला एकशेपाच.
पुढच्या वर्षी पौंड घसरला, १८,
आणि पत्रंही.

पेपरात ती आधी तो रकाना बघायची,
मग निधनवार्ता.
निळी नोट शालूच्या घडीत.
मोडायची का विचारलं, की म्हणायची, चढू दे अजून.
चाळीस. पन्नास. ऐंशी.
आकडे उतरत उतरत खालच्या बिजागरीशी आले,
आता लिहायला तिला जमिनीवर बसावं लागतं.

काल तिला फोर्टात नेलं.
काउंटरवरच्या पोरानं नोट उजेडाला धरली.
"आजी, ही कधीच बंद झाली.
राणी बघा ना, केवढी तरुण!"
तिनं बघितली. पदरानं पुसून परत घेतली.

मागच्या फळ्यावर दोन रकाने, खरेदी आणि विक्री,
मध्ये दीड रुपयाची फट.
"हे मधले कोणाचे रे?"
"आमचे," पोरगा म्हणाला.

घरी येऊन ती दाराशी बसली.
शेवटच्या आकड्याखाली
कालची तारीख आहे. पुढे भाव नाही.