दुपारी दोन-दहाचा गजर

बिघडलेलं नाही, म्हणाले मुराओका
भिंग डोळ्याला लावून, नुसतं एकदा बघून.
उपाशी आहे.
पोट खपाटीला गेलं की ते आधी दिवा सोडतं,
मग गजर,
मग अंक,
आणि सगळ्यात शेवटी वेळ.
पैसे घेतले नाहीत.
खिडकीत ठेवा, काच उजेडाकडे करून.
हीटरवर मात्र नको. घाई असते लोकांना,
ठेवतात हीटरवर, आणि आतली सेल मरते.
ऊब म्हणजे ऊन नव्हे, बाई.

घरी येऊन हे तोशिकुनीला सांगितलं नाही.
तो उबेतच बसलेला असतो हल्ली,
कमरेपर्यंत रजईच्या टेबलात,
संत्र्याच्या साली सोलत, सालींचीही साल काढत.

ऑक्टोबरात नाव विकली. अठरावी शिओमी-मारू.
समुद्रात माकूळ येईनाशी झाली,
डिझेलचं बिल तेवढं येत राहिलं, न चुकता.
त्या संध्याकाळी त्यानं रबरी कोट खुंटीला अडकवला
आणि घड्याळ त्याच्या खिशात, खवल्यांसकट.
हाकोदातेत तेव्हापासून बर्फच आहे.

एकवीस वर्षं हे घड्याळ
उन्हावर असं जगलंच नाही.
दिवसा तो झोपायचा, जाड पडदे ओढून.
जेवण रात्री: नावेवरच्या दिव्यांच्या माळा,
एकेक दिवा तीन हजार वॅटचा,
काळ्या पाण्यावर भर दुपार टांगलेली.
माकूळ वर यायची त्या उजेडाला,
आणि बाही जराशी सरकली की
हेही खाऊन घ्यायचं.
दिवा तोच.
एकाला गळ, एकाला घास.

आता फेब्रुवारीचं ऊन, ताकासारखं पातळ.
अकराला खिडकीत येतं,
एकला शेजारच्या टाकीची सावली ते पुसून नेते.
मी घड्याळ हलवत राहते त्याच्या मागून,
खिडकीतून फ्रिजवर, फ्रिजवरून शिवणयंत्रावर,
किनाऱ्यावर माकूळ वाळत घालतात तसं,
या दोरीवरून त्या दोरीवर.

पहिला दिवस काही नाही.
दुसरा दिवस काही नाही, आणि बर्फ.
चौथ्या दिवशी कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं,
मला वाटलं माझाच चष्मा.
मग अंक उमटले: अकरा छेचाळीस.
मी भिंतीवर पाहिलं. अकरा छेचाळीस.
म्हणजे खिशात, अंधारात,
चार महिने ते मोजत बसलं होतं,
कुणी विचारत नसताना.

हेही सांगितलं नाही त्याला.

आठव्या दिवशी सेलची रेघ मध्यावर आली.
मी भात उपसत होते.
दोन वाजून दहा मिनिटांनी
शिवणयंत्रावरून पाच बारीक शिट्या, पुन्हा पाच,
नाव सोडायची वेळ,
जी रद्द करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तोशिकुनी उठला.
उठला म्हणजे, त्याला कळायच्या आत उठला.
रजई एका बाजूला, संत्रं घरंगळत दुसऱ्या बाजूला,
दाराशी जाऊन उजवा पाय गमबुटात घातलासुद्धा.
मग गजर आपसूक थांबला, थांबतो तसा.
तो एका बुटावर उभा.
माझ्या हातात चमचा.
दोघांपैकी कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

बूट न काढताच तो आला,
घड्याळ उचललं, खिडकीशी धरलं, तिरकं केलं.
पट्ट्याच्या भोकांत मीठ धरलंय, म्हणाला.
जुना दात घासायचा ब्रश कुठाय?
मी कोमट पाणी सोडणार होते.
कोमट नको, गार.
आणि पाण्यात असताना बटणं दाबायची नाहीत,
एवढंही माहीत नाही तुला.

नाही माहीत, म्हटलं.

बराच वेळ नळ वाहत होता.
मनगटावरचा पांढरा पट्टा आता जवळजवळ बुजलाय,
तरी घड्याळ नेमकं तिथेच बसलं.
बाही मात्र वर दुमडून ठेवली त्यानं,
एवढ्या थंडीत.

गजर बंद केला का, ते मी पाहिलं नाही.
उद्या दोन-दहाला कळेलच.