कन्सील वायरिंग

सोहारची औद्योगिक वसाहत, खोली नंबर चौदा.
गुरुवारी रात्री दहाला मी कमरेला पट्टा बांधतो.
पट्ट्यात चकती. ती कातडीवरून सरकवत राहायची,
डाव्या कुल्ल्याच्या जरा वर,
भिंत ठोकत आतला पाइप शोधावा तशी,
बीप बीप थांबेपर्यंत.
जागा सापडली की यंत्र गप्प होतं.
मीही.

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंतींत वायर ओढली.
खाच पाडा, पाइप टाका, वायर ओढा, लिंपा,
घरमालकाला दिव्याशिवाय काही दिसता कामा नये.
आता माझ्या मणक्यालगत दोन वायरी आहेत,
लिंपलेल्या. वर टाक्यांची बारीक रेघ.
मंगळूरच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला
तेव्हा पहिल्यांदा बघितलं ते वळण :
ताण न देता, वेटोळं थोडं सैल सोडून.
म्हटलं, बाई, काम चांगलं झालंय.
त्या हसल्या. त्यांना वाटलं मी आभार मानतोय.

पडलो आठच फुटांवरून.
शिडी होती, सेफ्टीवाला होता, डोक्यावर हेल्मेट होतं.
पाय मात्र त्या दिवसापासून
रात्रभर कढईत सोडल्यासारखा.
कंपनी पाठीशी उभी राहिली, खोटं कशाला बोलू.
कुठे उभी राहिली
ते आता हात लावून दाखवता येतं.

दुखणं जात नाही.
त्याच्यावर मुंग्यांची रांग सोडून देतात, एवढंच.
वीस टक्क्यांच्या खाली मुंग्या विरळ होतात
आणि तेल पुन्हा कडकडायला लागतं.

खोलीत एक बोर्ड, चार सॉकेट, सहा माणसं.
गुरुवारी संध्याकाळी सेल्वराज आपला फोन न सांगता काढतो.
चार्जर आधी स्वतः जेवतो,
मग मला वाढतो.
जूनमध्ये एसी बसला की तोही अडून बसतो :
तापमान जास्त. थांबा.
मग निजाम परकार खोक्याचा पुठ्ठा फाडून
वारा घालतो.
मला नाही, यंत्राला.

इंदूला सांगितलंय, छोटं ऑपरेशन झालं, टाके निघाले.
बीप ऐकून ती विचारते, कसला हो आवाज?
चार्जिंगला लावलंय.
मग ठेवा फोन, तापतो, फुटतात म्हणे.
हो म्हणतो
आणि आंब्याला मोहोर किती आलाय ते विचारत राहतो
साठ टक्के होईपर्यंत.

बॅटरी पंधरा वर्षं चालेल, बाई म्हणाल्या.
फार दिवस उपाशी ठेवू नका मात्र,
एकदा पार झोपली की उठेलच असं नाही.
व्हिसा दोन वर्षांचा.
त्यातले अकरा महिने गेले.

परवा मुलाला फोन केला.
म्हटलं, माजघरात खाटेच्या उंचीला
एक ज्यादा पॉइंट काढून घे. इन्व्हर्टरवर.
म्हणाला, बाबा, तिथे काय लावायचंय?
म्हटलं,
अर्थिंग नीट कर.