शेवटचा ठिपका

दारूखान्यात, गंजल्या साखळदंडांच्या ढिगामागे
मीनाक्षी विजयकरांचं होकायंत्र-दुरुस्तीचं दुकान.
चित्तगावच्या जहाजाला धाडलेलं कोटेशन
तीन आठवडे तिकडच्या स्पॅममध्ये पडून.
"आमच्या पत्राकडे कुणी संशयानं का बघावं?"
चष्मा कपाळावर, बोटांना स्पिरिटचा वास.

मी डोमेनचं पान उघडलं.
एमएक्स, म्हणजे टपाल कुठल्या दारात टाकायचं ते.
नावाच्या शेवटी ठिपका द्यायचा राहिलेला,
म्हणून नाव स्वतःलाच पुन्हा जोडून घेत होतं,
पत्ता विचारला की आडनाव दोनदा सांगणाऱ्या
हरवलेल्या पोरासारखं.
ठिपका दिला.

मग एसपीएफ. एकच ओळ,
आपल्या नावानं कोण कोण बोलू शकतं त्याची.
तीत एक आकडा, चार तुकड्यांचा.
"हा कुणाचा?"
"प्रद्युम्नचा. भावाचा.
ठाकुरद्वारच्या घरी मशीन होतं त्याचं,
पलंगाखाली. रात्रभर गुणगुणायचं.
एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील त्याला जाऊन."

मी कर्सर तिथेच ठेवला.
"राहू दे की. कुणाचं काय बिघडतं?"
खोटं सांगता आलं असतं.
म्हटलं, हा आकडा कंपनीनं एव्हाना
दुसऱ्या कुणाला दिला असणार.
तिथून कुणी परका तुमच्या नावानं लिहील
आणि जग त्याला खरं मानेल.

बाहेर गॅसकटरनं कुणी पत्रा कापत होतं,
ठिणग्या पार उंबऱ्यापर्यंत.
"काढ," त्या म्हणाल्या.
मग, "थांब. मी काढते."
बॅकस्पेसवर एकच बोट, एकेक अंक.
ओळीच्या टोकाला मी लिहिलं, उणे ऑल:
बाकी कुणी नाही.

डीकिमची किल्ली लांबलचक, निरर्थक अक्षरांची.
त्यांनी ती पूर्ण वाचली,
जुळणीचं प्रूफ तपासावं तशी.

टीटीएल एक तास, मी म्हणाले,
म्हणजे तासभर जगाला जुनंच आठवत राहील.
"तासभर तरी," त्या म्हणाल्या
आणि समोरच्या होकायंत्रातला बुडबुडा काढायला बसल्या.

रे रोडच्या पुलावर होते तेव्हा फोन वाजला.
चाचणीचं पत्र, थेट इनबॉक्समध्ये.
विषय कोरा. आत एक शब्द: पोचलं?
आणि खाली, बदलायची राहून गेलेली सही:
आपला, प्र. वि. विजयकर.

पोचलं, मी लिहिलं.