करण्यात यावे

दुसऱ्या सत्रात आम्हाला शिकवलं,
शासन निर्णय शेवटून वाचावा.
आधी पाहावं प्रती कोणाकोणाला गेल्या,
मग एकेक पायरी वर चढावी.

मी तो तसाच वाचत होते
खैरीटोल्यात, समाजमंदिराच्या ओट्यावर.
लाइट गेलेली.
रेवताबाई वलथरे जाळ्याला टाके घालत होत्या अंदाजानंच,
शेजारी भागरता, कौतिका,
आणि माझ्या मोबाइलचा टॉर्च धरून एक पोरगा,
मधूनच तो बेडकावर मारणारा.

नागपुराहून बस, बस बदलून बस,
पुढे सहा किलोमीटर कुणाच्या तरी मोपेडवर मागे,
पिशवीत टॅब, टॅबमध्ये बेचाळीस प्रश्न.
ते विचारून झाले होते.
रेवताबाईंनी आपल्या पेटीतून हा कागद काढला,
चार घड्यांचा, हळदीचा डाग पडलेला.
म्हणाल्या, आता तू आमचा वाच.

परिच्छेद चार.
तलावातील बेशरम व तत्सम वनस्पतींचे
निर्मूलन करण्यात यावे.

कोनं?

तसं लिहिलं नाही यात, मी म्हटलं.

बरं. वाच पुढं.

स्थानिक मत्स्यप्रजातींचे संवर्धन करण्यात यावे.

कोनं?

ठेक्याच्या रकमेचा
वेळोवेळी आढावा घेण्यात यावा.

या वेळी पोरगाच ओरडला, कोनं?
आणि ओटा हसला,
भागरताबाईंना तर ठसका लागला,
पाणी द्यावं लागलं.

मी हसले, पण उशिरा.
या एका शब्दावर आमच्याकडे अख्खा पेपर आहे.
बाणांच्या आकृत्या, मालक, मुनीम,
कोणाला काय माहीत असतं आणि कोण काय लपवतं,
चार क्रेडिट.
मला त्यात ए मिळाला होता.

मग त्या सांगत बसल्या, मी न विचारता.
तीन उन्हाळे बेशरम उपटली.
नुसती कापली तर दुप्पट फुटते, नावच तिचं तसं.
मुळं कंबरभर गाळात,
जळवा, हातांना खाज, रात्री झोप नाही.
पलीकडच्या गावच्या तळ्यातून
चिला आणला, गाद आणली,
टोपल्यात ओल्या गोणपाटाखाली, लेकरू आणावं तसं.
पाऊस येण्याआधी लावला.
लोक म्हणाले, ह्या बाया गवत पेरतात का पान्यात.
चौथ्या वर्षी दाढक दिसला.
एकच. कौतिकानं पाहिला.
बाकी कोनी मानेना, मग भागरताच्या जाळ्यात सात आले.

प्रश्न एकोणतीस: सदर काम कोणत्या यंत्रणेने केले?
ग्रामपंचायत. मत्स्यविभाग. ठेकेदार. इतर.
मी इतर दाबलं.
चौकोन उघडला,
त्यात चाळीस अक्षरं मावतात, रिकाम्या जागा धरून.

कोनं केलं म्हणून लिहू? मी विचारलं.
रेवताबाईंनी दातानं दोरा तोडला.
आमी, लिव.

दोन अक्षरं. अडतीस उरली.

परत आले. पंखा, ग्रंथालय,
लिफ्टपाशी कुणीतरी अंमलबजावणीवर बोलत होतं.
प्रबंधाचं तिसरं प्रकरण, पद्धती.
पहिलं वाक्य आपोआपच उमटलं:
सर्वेक्षण करण्यात आले.
आणि मागून, अगदी कानाशी,
त्या पोराचा आवाज.

खोडलं. लिहिलं,
मी गेले. मी विचारलं.
बेचाळीसपैकी सात प्रश्न
मला तरी कळत होते का, माहीत नाही.

सरांनी कडेला लाल शाईनं लिहिलंय,
प्रथमपुरुष टाळावा.

टाळण्यात यावा, असं नाही लिहिलं,
तेवढं बरं.
ते पान अजून टेबलावर तसंच आहे.
मघाशी फोन आला होता, मंगळवारी ठेक्याची मीटिंग,
तहसीलला, अकरा वाजता.
रेवताबाई विचारत होत्या,
येतेस का वाचायला.