शेवटचा आकडा

रात्रीचे सव्वादोन. खराडीत सातव्या मजल्यावर
एसी इतका, की स्वेटर बारा महिने खुर्चीलाच टांगलेला.
स्क्रीनवर ओहायोतला कुणी एक मुलगा, वय सात,
नाव झाकलेलं.
तीन आठवडे कान दुखतोय, ताप हटत नाही,
कानामागे सूज, दाबलं की ओरडतो,
पाळी पुढे ढकलली गेलीय, असंसुद्धा लिहिलंय डॉक्टरांनी.
कुठल्या कानाची, ते लिहिलेलं नाही.

एच सत्तर. इथपर्यंत सोपं.
कानामागच्या हाडात पू. तीव्र. गुंतागुंत नाही.
मग शेवटचा आकडा:
एक म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावा,
तीन, दोन्ही.
आणि नऊ म्हणजे कान आहे, दुखतोही आहे,
पण कुठल्या बाजूचा ते कुणी सांगितलं नाही.

नऊ टाकला की ऑडिटमध्ये मार्क जातात.
अंदाजाने एक किंवा दोन टाकला तर नोकरी.
शिकलगार सर म्हणतात, फडतरे,
जे लिहिलं नाही ते झालंच नाही.
ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी हेच होतं फळ्यावर.
आम्ही चाळीस जण, कुणी बीएचएमएस, कुणी बी. फार्म.,
वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

अण्णांचा कान फुटला तेव्हा कुणी काही लिहिलं नव्हतं.
'कान फुटलाय', एवढंच आमच्याकडचं निदान.
मार्केट यार्डात, भुसारच्या गाळ्यांवर हमाली,
खांद्यावर पोतं, पोत्याला टेकलेला कान,
आणि तो वाहायचा.
साखरेच्या पोत्यावर एकदा डाग पडला
तर गाळेवाल्याने त्या खेपेचे पैसे कापले.
आई लसूण घालून तेल कोमट करायची.
शेजारच्या तुळसाकाकू गादीतला कापूस द्यायच्या.
अण्णा कानामागे टाकायचे.

ही भाषा किती नेमकी आहे, मला इथे बसून कळलं.
ज्या जागी टाकलं
त्याच जागी ते साठत गेलं,
पोळ्यासारख्या पोकळ हाडात, एकेका घरात.

ससूनला हाड कोरलं. मी चौथीत होते.
एक केसपेपर होता, पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली.
ओढ्याचं पाणी घरात शिरलं त्या रात्री पेटीसकट गेला.
म्हणजे नियमाने बघितलं तर
अण्णांना कधी काही झालेलंच नाही.

पण मला झोपेतून उठवून विचारा.
त्यानंतर पोतं डाव्या खांद्यावरून उजव्यावर आलं.
चहाच्या दुकानात ते डावी बाजू भिंतीला देऊन बसतात.
शाळेतून येताना मी त्यांच्या उजवीकडून चालायचे,
आई ओरडायची,
पोरीला गाड्यांच्या अंगाला काय घेता?
ते हसायचे. मी काय सांगत होते
ते त्यांना ऐकायचं असायचं.

मी क्वेरी टाकली. ठरलेलाच मजकूर:
कृपया बाजू स्पष्ट करावी.
तीन आठवडे, असं पुन्हा वाचलं. त्या घरात कोण
तेल कोमट करत असेल, की करत नसतील तिकडे,
या विचारात अकरा मिनिटं गेली.
ताशी बारा चार्ट.
पुढचा उघडला. मळ, घट्ट, दोन्ही कान. तीन.

दोन दिवसांनी उत्तर आलं.
एकच शब्द: उजवा.
बरोबर. तसंच तर विचारलं होतं मी.
एक दाबला, सेव्ह केलं,
आणि मग दिसलं,
माझं बोट इतका वेळ
दोनवर होतं.